मीठ घातलेलं कोनफळ

लोलाचे हात कायम जांभळे असायचे. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांमधल्या रेघा, आणि उजव्या मनगटापर्यंत चढलेला एक डाग. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं बाई घर रंगवतेय. दुसऱ्यांदा वाटलं हिला काहीतरी रोग आहे, म्हणून मी रस्ता बदलला. तिसऱ्यांदा तिनेच मला हाक मारली आणि गाडीतून साखरेचं पोतं उचलायला लावलं.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला येऊन मला तेव्हा आठ महिने झाले होते. मी सातवी नापास माणूस. अलिबागकडे आमची छोटी वाडी, भाजीपाला करायचो. मुलगी स्वाती शिकली, इकडे आली, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करते. नक्की काय करते ते मला अजून कळलेलं नाही आणि तिनेही समजवायचं सोडून दिलंय. माझी बायको सुमन गेली आणि स्वातीने मला इकडे आणलं. सकाळी साडेआठला घर रिकामं. स्वाती ऑफिसात, जावई ऑफिसात, नात रिया शाळेत. घरात मी आणि फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून आवाज तरी करतो.

मग मी बाहेर पडायचो. इथे रस्त्याने पायी चालणारा माणूस म्हणजे एकतर व्यायाम करणारा, नाहीतर हरवलेला. आपण हरवलेले वाटू नये म्हणून मी हातात पिशवी घेऊन झपाझप चालायचो, जसं काही कुठे पोचायचंय. कोपऱ्यापर्यंत जायचं, पिशवीत डोकावायचं, काहीतरी विसरल्यासारखा कपाळावर हात मारायचा आणि परत यायचं. मला वाटायचं काय ॲक्टिंग करतो आपण. लोलाने नंतर सांगितलं, ती खिडकीतून दोन महिने हा कार्यक्रम बघत होती.

"मला वाटलं, हा माणूस रोज काय विसरतो? आणि रोज विसरतो तर लिहून का ठेवत नाही?"

तिचं खरं नाव नेनिता. फिलिपीन्सची. लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. गल्लीतली पोरं, पोस्टमन, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस, सगळे तिला लोलाच म्हणायचे. माझी मुलगी मला बाबा म्हणते ते ऐकून ती मला बाबा म्हणायला लागली. ती चौऱ्याहत्तरची, मी अडुसष्टचा. ती मला बाबा म्हणणार आणि मी तिला आजी म्हणणार, म्हणजे दोघांत लहान कोणीच नाही. ती इंग्रजीत बोलायची, मी मराठीत ऐकायचो. तिचं बोलणं मी इथे मराठीतच सांगतोय, कारण मला ते तसंच ऐकू यायचं.

तर ते साखरेचं पोतं घेऊन मी तिच्या किचनमध्ये गेलो. ओट्यावर मोठं पातेलं, आणि पातेल्यात जांभळाजर्द कीस. मी बघतच राहिलो. हात धुवायचंही विसरून मी एक चिमूट उचलली, चोळली, वास घेतला.

"कोनफळ," म्हटलं.

"उबे," ती म्हणाली.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. माझं इंग्रजी तेव्हा तीन शब्दांचं होतं: यस, नो आणि व्हेरी गुड. म्हणून मी वेल झालो. तिच्या फ्रिजला वळसा घालून वर चढलो, पानं दाखवली, मग खाली बसून लादी खणली आणि हाताएवढा कंद काढला. ती शांतपणे बघत होती. पूर्वी नर्स होती ना, पिसाट माणसांची सवय असणार. शेवटी तिला कळलं की हे आमच्या वाडीत होतं. मग तिने विचारलं, त्याचं काय करता?

मी सांगितलं, महाशिवरात्रीला उकडतो, मीठ घालून खातो.

"आणि?"

"आणि काय? उकडायचं. मीठ."

"साखर नाही? बटर नाही? नारळाचं दूध नाही?"

"मीठ."

ती खुर्चीवर बसली. "अख्ख्या गावाने असं खाल्लं? कितीतरी वर्षं?" मग माझ्या हातावर थोपटलं, जसं कोणी गेल्यावर थोपटतात.

तिथून माझं तिच्याकडे जाणं सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार हे बेकिंगचे दिवस. तिने तीस वर्षं हॉस्पिटलात नोकरी केलेली, आणि रिटायर झाल्यावर तिचं हॉस्पिटल नुसतं जागा बदलून किचनमध्ये आलं होतं. पायात पांढरे नर्सचे बूट. ब्लाउजवर उलटं टांगलेलं घड्याळ. कणकेचा गोळा फुगत ठेवला की त्यावर उलटा हात ठेवून ताप बघायची. ओव्हनचं दार उघडताना आत बघून "कसं वाटतंय आता?" विचारायची, आणि मला गप्प राहायची खूण करायची. फ्रिजवर मॅग्नेटने एक तक्ता लावलेला. तारीख, काय केलं, आत किती वाजता गेलं, बाहेर किती वाजता आलं, आणि शेवटच्या रकान्यात कंडिशन. केक नीट झाला तर स्टेबल. मध्ये बसला तर क्रिटिकल.

करायची काय काय. एन्सायमादा म्हणून गोल गुंडाळलेला गोड पाव, त्यावर लोणी, साखर आणि किसलेलं चीज. गोड पावावर चीज बघून मी पहिल्यांदा नाक मुरडलं आणि मग चार खाल्ले. पिठीसाखरेत घोळवलेल्या जांभळ्या कुकीज, भाजल्या की त्यांना भेगा पडायच्या, आमच्याकडे उन्हाळ्यात भाताच्या खाचराला पडतात तशा. गुंडाळलेला केक. आणि या सगळ्याच्या पोटात जाणारा तो हलाया. म्हणजे आपला हलवाच समजा, कोनफळाचा. एवढं करून स्वतः काही खायची नाही, डायबेटिस होता. सगळं गल्लीत वाटायची. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून, वर नाव लिहून. आमच्या फ्रीझरमधले आइस्क्रीमचे डबे उघडून रिया कितीदा फसली असेल. त्यात आइस्क्रीम नसण्याची तिला घरची सवय होती, पण जांभळं काहीतरी असण्याची नव्हती.

हलायाला दोन माणसं लागतात. हे त्यांच्याकडचं शास्त्र नाही, हाताचं शास्त्र आहे. कोनफळाचा कीस, बटर, आटवलेलं गोड दूध, नारळाचं दूध, साखर, सगळं जाड बुडाच्या कढईत, आणि तासभर ढवळायचं. थांबायचं नाही. सुरुवातीला खिरीसारखं असतं, लहान पोरही ढवळेल. पाऊण तासाने चिखल होतो, आणि मग तुमचा खांदा तुमचा राहत नाही. तेव्हा दुसऱ्याने उलथनं हातात घ्यायचं, पण एक फेरा न चुकवता, चालत्या कढईत. तिचा नवरा होता तोवर दोघं करायचे. तो गेला, मग मुलगा डॅनी मदतीला असायचा. डॅनी नोकरीसाठी ॲरिझोनाला गेला, तेव्हापासून ती एकटी अर्धाच घाणा करत होती, उजवा हात थकला की डाव्याने. मी आलो आणि कढई पुन्हा पूर्ण भरायला लागली. चाखायचं कामही माझ्याकडे. तिला साखर चालत नव्हती, म्हणून तिची जीभ मी. आयुष्यात एवढी जबाबदारीची पोस्ट मला कोणी दिली नव्हती.

पहिल्याच शुक्रवारी मी पेशंट मारला. झालं असं की ढवळता ढवळता मी तिला, मी मॉलमध्ये बायकांच्या बाथरूममध्ये कसा शिरलो ते सांगायला लागलो. मला हात न हलवता बोलता येत नाही. मी आत शिरल्याची ॲक्टिंग केली, बायका ओरडल्याची केली, सिक्युरिटीवाला आल्याची केली. त्यासाठी दोन्ही हात लागले. ती हसून हसून टेबलाला धरून उभी होती. मग वास आला.

तिचं हसू लगेच बंद झालं. कढई उतरवली, खालचा काळा थर बघितला, माझ्या बोटांवर उलथनं हाणलं.

"हात थांबला की पेशंट गेला," म्हणाली. "गोष्ट तोंडाने सांगायची असते, बाबा."

मग पेन घेतलं आणि तक्त्यावर लिहिलं. मी स्वातीला फोटो दाखवून वाचून घेतलं. लिहिलं होतं: पेशंट मृत. कारण: बाबा.

शिवरात्रीला मी तिच्या हलायाचे दोन ट्रे मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नेले. जोशीकाकूंनी झाकण उघडलं आणि मागे सरल्या.

"म्हात्रेकाका, रंग घातलाय का यात?"

"रंग नाही हो. कोनफळ आहे."

"कोनफळ? म्हणजे उपासाला चालेल?"

आता मी थोडा भाव खाल्ला. म्हटलं, आमच्याकडे शिवरात्रीला हेच चालतं, दुसरं काही चालत नाही. काकूंनी एकेक जिन्नस विचारला. दूध? चालतं. बटर? चालतं. नारळ? चालतो. साखर? प्रश्नच नाही. अर्ध्या तासात उपास धरलेल्या बारा बायकांनी दोन ट्रे चाटूनपुसून साफ केले. लोलाला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

"उपास होता म्हणतोस ना?"

"होता."

"आमच्यात उपास म्हणजे पोट रिकामं."

"आमच्यात भात सोडून सगळं."

तिने रिकामे ट्रे सिंकमध्ये ठेवले. "तुमचा धर्म," म्हणाली, "बेकरला बरा आहे."

अशी दोन वर्षं गेली. आता मागे वळून बघितलं की कळतं, बऱ्याच गोष्टी माझ्या डोळ्यासमोर होत्या. पण डोळे असून उपयोग काय, माणूस मी होतो ना.

ती मला बायकोचं नाव विचारायची. ढवळताना, कढईकडे बघत, "तुझ्या बायकोचं नाव काय, बाबा?" मी सांगायचो, सुमन. मग ती कशी होती, काय करायची, तिला काय आवडायचं. पुढच्या मंगळवारी परत, "तुझ्या बायकोचं नाव काय?" मी परत सांगायचो, दरवेळी थोडं नवीन. सुमन विहिरीवर कशी गाणं म्हणायची, सुमनने मला एकदा सगळ्या पाहुण्यांसमोर कसं गाढव म्हटलं. आमच्या घरात सुमनचं नाव कोणी काढत नव्हतं. स्वातीला रडू येतं म्हणून मी काढत नव्हतो, मला त्रास होईल म्हणून स्वाती काढत नव्हती. आणि इथे एक परकी बाई आठवड्यातून दोनदा विचारतेय. मला वाटायचं, किती माया. तिला आठवत नसेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तक्त्यावर एकाच केकपुढे दोनदा खूण व्हायला लागली. मला वाटलं दोन केक असतील. एकदा शेगडीच्या कडेला टॉवेल राहिला आणि पेटला. मी तो चिमट्याने उचलून सिंकमध्ये टाकला. लोला भिंतीला टेकून उभी. हातभर ज्वाला होती, पण ती माझ्याकडे बघत होती, टॉवेलकडे नाही.

"डॅनीला सांगायचं नाही," म्हणाली.

"मी कशाला सांगू?"

"थँक्सगिव्हिंगला येतोय. सगळीकडे बघेल, नळ उघडून, कपाटं उघडून. त्याला मला घेऊन जायचंय. चांगला मुलगा आहे. बायको चांगली आहे. मला खोली ठेवलीय, खोलीत टीव्ही ठेवलाय. किचन सुनेचं. एवढं स्वच्छ असतं की त्यात मला पाणी प्यायला भीती वाटते." मग जळका टॉवेल पिळत म्हणाली, "इथे लोक मला डबा परत द्यायला येतात. तिथे कोण येणार आहे?"

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. टॉवेलबद्दल एक शब्द नाही. आणि मी सांगतो, ती शपथ मी पाळली. टॉवेलबद्दल मी आजपर्यंत त्याला काहीच सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरात माझा गुडघा धरला. तीन आठवडे मी घरात, खुर्चीवर पाय टाकून. लोला एकटीच करत होती, आणि रिया शाळेच्या बसमधून उतरली की तिच्या हाती माझा डबा पाठवायची. पहिल्या डब्यातला हलाया मी तोंडात घातला आणि थांबलो. खारट. साखरेचा मागमूस नाही, नुसतं मीठ.

कोणीही शहाणा माणूस काय म्हणेल? म्हणेल, बाई चुकली. पण मी काय म्हटलं? मला एकदम आमचं पहिलं बोलणं आठवलं, उकडून मीठ घालून खातो ते. म्हटलं, बघा, म्हातारीच्या लक्षात आहे. मी आजारी म्हणून आमच्या गावच्या पद्धतीने करून पाठवलंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अर्धं मायेनं आणि अर्धं मिठानं. रियाने एक चमचा घेतला आणि सिंककडे धावली.

"इट्स वियर्ड, आजोबा."

"तुम्हा अमेरिकन पोरांना काय कळणार," म्हटलं, आणि तीन वाट्या संपवल्या. डबा धुऊन परत पाठवला, निरोपही पाठवला, व्हेरी गुड, सेम टू सेम. ती खूश झाली असणार, कारण पुढच्या आठवड्यात परत आला. मग तिसऱ्या आठवड्यात कुकीजही खारट. कुकीजना मीठ म्हणजे जरा जास्तच वाटलं, पण म्हटलं माया आहे, मायेला काय माप. तीन आठवडे मी दिवसाला दोन-दोन तांबे पाणी पीत होतो आणि स्वातीला वाटत होतं मला शुगर झाली.

थँक्सगिव्हिंगला लोलाने आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. डॅनी पन्नाशीचा, मऊ आवाजाचा, लोलासारखाच चपट्या नाकाचा. दारातच माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही बाबा ना? आई फोनवर तुमच्याबद्दलच बोलते."

बरोबर बायको आणि दोन मोठी मुलं. लोलाने लिपस्टिक लावली होती. सकाळपासून तिने सगळं किचन घासून काढलं होतं, तक्ता नवा लावला होता. हलाया आदल्या दिवशी मी शेजारी उभा राहून करून घेतला होता, चाखून. फर्स्ट क्लास. जेवण झालं, सगळ्यांनी हलाया घेतला, वाहवा झाली. लोला टेबलाच्या टोकाला ताठ बसली होती आणि मला दिसत होतं की तिचा दिवस पार पडत आलाय.

मग डॅनीच्या मुलीने मला विचारलं, तुमच्या देशात पण उबे असतं का?

दोन वर्षांत लोलाकडून माझं इंग्रजी बरंच वाढलं होतं. आणि माझं असं आहे, समोर चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझा ताबा सुटतो. मी वेल झालो. डॅनीच्या खुर्चीला वळसा घातला. कंद खणला. पोरं हसली. मीठ सांगितलं, ती अजून हसली. अमेरिकेत पहिल्यांदा माझ्या इंग्रजीवर लोक हसत होते आणि ते मला हवं म्हणून हसत होते. म्हटलं आता थांबायचं नाही. मग मी माझ्या मूर्खपणाचा सगळ्यात मोठा किस्सा काढला. ते मीठ चुकून पडलं होतं हे मला गुडघा बरा झाल्यावर कळलं होतं, पण मला त्यात नुसती गंमत दिसली होती. गुडघा धरून बसलो. डबा आला. चमचा तोंडात. डोळे बाहेर. "आणि मला वाटलं लोलाने माझ्यासाठी गावची रेसिपी केली. मी खाल्लं. एक वाटी. दोन वाट्या. तीन वाट्या. पाणी, पाणी, पाणी." स्वातीला हसून ठसका लागला. डॅनीची बायको डोळे पुसत होती. "पुढच्या आठवड्यात परत मीठ. मी परत खाल्लं. तिसऱ्या आठवड्यात कुकीज. मीठ. बघा किती गाढव माणूस मी."

डॅनी हसत होता. मग हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि डोळ्यातून गेलं.

"तीनदा?" त्याने मऊ आवाजात विचारलं. "तीन आठवडे?"

"थ्री," मी तीन बोटं दाखवली. अजून ॲक्टिंग चालूच होती माझी.

"मी मुद्दामच केलं होतं," लोला म्हणाली. "बाबासाठी. त्यांच्या गावात तसंच खातात."

तेव्हा मला कळलं, आपण काय सांगून बसलोय. मी अजून तीन बोटं वर करून उभा होतो.

"यस, यस," मी म्हटलं. "माय व्हिलेज. सॉल्ट. व्हेरी गुड."

पण ते फार उशिरा म्हटलं आणि फार लवकर लवकर म्हटलं. डॅनी उठला, ओट्यापाशी गेला. साखरेचा डबा उघडला, बोट घालून चाखलं. शेजारचा मिठाचा उघडला, चाखलं. दोन्ही डबे सारखे, पांढरे, लेबलं जुनी, पुसट झालेली. तो परत आला आणि आईच्या मागे उभा राहून तिच्या खांद्यांवर हात ठेवले. लोला माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तरी बरं झालं असतं.

निघताना डॅनी दारापर्यंत आला. "थँक यू, बाबा," म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून. मला कोणी काही सांगत नव्हतं."

आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी शिव्या दिल्यात. एवढा एक थँक यू सोसला नाही.

त्याने लोलाला कुठल्यातरी डॉक्टरकडे नेलं, काय काय तपासण्या झाल्या. आठवड्याभरात लॉनवर विक्रीची पाटी लागली. मी तिकडे गेलो नाही. सकाळी फिरायला निघालो की उलट्या दिशेने जायचो. रियाला विचारलं, सॉरीच्या पुढे इंग्रजीत काय म्हणतात? ती म्हणाली, रिअली सॉरी. त्याच्या पुढे? सो सो सॉरी. मी पाठ केलं आणि घरीच बसलो.

एका सकाळी बेल वाजली. दारात लोला. दोन वर्षांत आमच्या घरी ती कधी आली नव्हती, नेहमी मीच जायचो. तिने बूट काढले, आत आली, सोफ्याच्या कडेला बसली. हातात डबा नव्हता. हात स्वच्छ होते. मी तिचे हात तसे कधी बघितले नव्हते, म्हातारे आणि पिवळट.

"मुद्दाम केलंस का?" तिने विचारलं.

"नाही."

"माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर तुझ्याशी भांडले असते. आता कोणाशी भांडू?"

मी सो सो सॉरी म्हटलं. तिने हात वर केला, ट्रॅफिक पोलिसासारखा.

"मी डॅनीला सांगतो, मी खोटं बोललो," म्हटलं. "तसाही लोकांना मी चक्रमच वाटतो."

"त्याला खोटं ओळखता येतं. मीच शिकवलंय." मग तिने खिडकीबाहेर बघितलं. "मला माहीत होतं, बाबा. नर्स आहे मी. असे पेशंट मी किती बघितलेत. आधी डबे चुकतात. मग शेगडी. मग दार." तिने आमच्या दाराकडे बघितलं. "पण एक ख्रिसमस काढायचा होता मला. अख्ख्या गल्लीचा बेत लिहून ठेवला होता. एवढा एक काढला असता, मग गेले असते."

मी चहा टाकला. आलं घातलं, साखर न घालता दिला. तिने एक घोट घेतला.

"यात काय घालायचं राहिलंय?" तिने विचारलं.

"साखर. तुला चालत नाही म्हणून."

"हं," म्हणाली. "बरं झालं सांगितलंस." आणि पूर्ण कप संपवला. जाताना बूट घालायला तिला वेळ लागला. मी खाली बसून लेस बांधली. तिने बांधू दिली.

दोन दिवसांनी ते लोक निघाले. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. मी सकाळपासून आमच्या ड्राइव्हवेवर उभा होतो, हातात झाडू घेऊन. पानं कधीच झाडून झाली होती. डॅनीची गाडी बाहेर आली. लोला पुढच्या सीटवर, अंगात निळा कोट, बेल्ट तिच्या मानेजवळ येत होता म्हणून एका हाताने तो धरलेला. मी हात वर केला. ती समोर बघत होती. डॅनीने हॉर्न वाजवला नाही, बहुतेक मला बघितलं नाही. गाडी कोपऱ्यावरच्या स्टॉपच्या पाटीशी थांबली. रस्ता मोकळा होता, तरी ती जरा जास्तच वेळ थांबली. इंडिकेटर लागला होता. मला वाटलं काच खाली येईल.

गाडी उजवीकडे वळली. माझा हात वरच होता, खाली घ्यायचं सुचलं नाही. समोरच्या फुटपाथवर एक बाई कुत्रं फिरवत होती, तिला मी कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं मी तिलाच हात केलाय. ती हसली, तिने हात हलवला. मग मीही तिला हलवला.

"गुड मॉर्निंग," ती म्हणाली.

"व्हेरी गुड," मी म्हटलं.